सागवानाचं मेज, बिडाचे पाय

सागवान आणि लोखंड यांचं पटतं. सगळ्याच लाकडांचं लोखंडाशी असं जमत नाही. ओल्या बाभळीत खिळा ठोकून ठेवला की थोड्याच दिवसांत त्याच्याभोवती काळा डाग पसरतो. तो डाग म्हणजे खरोखरची शाई असते. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, ते लोखंडाला भिडलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करणारे रंगारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. इंग्लंडमधल्या ओकच्या लाकडाचीही हीच खोड. ओकच्या जहाजातले लोखंडी खिळे आतल्या आत गंजत आणि गंजता गंजता भोवतालचं लाकूडही खात. सागवानात तेल असतं. त्या तेलामुळं वाळवी त्याच्या वाटेला जात नाही आणि पोटात शिरलेला खिळाही शाबूत राहतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

आमच्या उमरखेडच्या म्हाताऱ्या सुतारकाकांना ट्रिंकोमालीचा पत्ता नाही. पण जुन्या दारातला लांब खिळा उपसून काढताना ते म्हणाले, “बाई, सागवानातला खिळा निघते. बाभळीतला तुटते.” दोनशे वर्षांचा जहाजबांधणीचा अनुभव या दोन वाक्यांत मावतो, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ते दार आमच्या पाडलेल्या घराचं. घर धाब्याचं होतं. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकत असतानाही आतल्या खोलीत माणूस निवांत झोपू शकायचा. लाकूड सगळं इथलंच. पैनगंगेच्या खोऱ्यात, बिटरगाव-ढाणकीकडं आजही सागवानाचं जंगल आहे; त्यातला मोठा भाग आता पैनगंगा अभयारण्यात येतो. नदीच्या अलीकडं वऱ्हाड, पलीकडं एके काळी निजामाचं राज्य, आणि सागवान मात्र दोन्ही काठांवर सारखंच वाढणारं. धाबं उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा शेजारपाजारी जे होतं तेच आमच्याकडंही झालं. लाकूड घेणारे लोक टेम्पो घेऊन आले. खांब गेले, तुळया गेल्या. ज्या खांबाला टेकून आजी तांदूळ निवडायची, त्यावर तिच्या पाठीनं आलेली चकाकी होती. व्यवहारात त्या चकाकीचा भाव निघत नाही. खाली उरलं एक दार, काही फळ्या, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं बंडीचं एक चाक, आणि आत्याच्या शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा.

भाचीला अभ्यासाला मेज हवं होतं. तिनं फोनवर चित्रं दाखवली. जाड, न रंगवलेल्या फळ्या, काळ्या पाइपांचे पाय, बाहेर दिसणारे बोल्ट, पिवळा दिवा. याला ‘इंडस्ट्रियल’ म्हणतात, असं तिनं सांगितलं. शहरात असं मेज विकत मिळतं, किंमतही भरपूर असते. मी ती चित्रं पाहत राहिले आणि मला वाटलं, यातली एकही वस्तू आपल्या घराला परकी नाही. हे सगळं आपल्याच वळचणीला पडलं आहे.

या चालीचा उगम शोधत गेलं तर वाट एका रिकाम्या जागेपाशी पोचते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या इमारती होत्या, त्यांत कारखाने आणि गोदामं होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो धंदा तिथून हलला. रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार राहू लागले, कारण भाडं कमी होतं आणि जागा मोठी होती. १९७१ साली त्यांचं तिथं राहणं कायदेशीर झालं. पाइप झाकायला आणि विटांवर गिलावा चढवायला त्यांच्याकडं पैसे नव्हते, म्हणून ते तसेच उघडे राहिले. पुढं श्रीमंतांना ती उघडी भिंत आवडली. या चालीतली खुर्ची मात्र त्याआधीची: फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात झाविए पोशार या जस्ताच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरानं १९३४ साली पत्र्याची एक खुर्ची काढली. आता महामार्गावरच्या ढाब्यांवरसुद्धा तिच्या नकला दिसतात. तिच्या बैठकीला भोकं आहेत, ती पावसाचं पाणी निचरून जावं म्हणून. एकीवर एक रचता याव्यात असे तिचे पाय आहेत. पोशारनं तिच्यात शोभेसाठी काहीच घातलं नव्हतं, म्हणूनच ती इतकी देखणी झाली.

हे सगळं सोहोपुरतं असतं तर मी त्यावर इतका विचार केला नसता. पण अशी रिकामी जागा आपल्याकडंही आहे, आणि तिच्याशी आमच्या मातीचं नातं आहे. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, त्यामागं इथल्या कापसावरचा त्यांचा डोळाही होता. आमच्या काळ्या जमिनीतला कापूस बंडीत भरून जिनात जायचा, तिथं सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या मुंबईच्या वाटेला लागायच्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे सुरू झाली ती याच गाठींसाठी. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला आणि त्यानंतर ते जग पुन्हा उभं राहिलं नाही. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावं आता लोकांना जेवायला आणि खरेदीला जायची ठिकाणं म्हणून माहीत आहेत. तिथल्या कितीतरी हॉटेलांत उघड्या विटा आहेत, काळे पाइप आहेत, लोखंडी पायांची मेजं आहेत. ज्या जागी माणसांनी कान बधिर होईस्तोवर माग चालवले, तिथंच आता गिरणीचा देखावा मांडलेला असतो. मी तिथं बसून जेवले आहे. जेवण चांगलं होतं. पण मेजाखालचा पाइप हातानं चाचपून पाहिला तेव्हा तो नुसता शोभेचा निघाला. त्यातून कधी वाफ गेलेली नव्हती, पाणीही गेलेलं नव्हतं. मेजाचा भार दुसऱ्याच एका लपवलेल्या चौकटीवर होता. त्या दिवशी माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली: घरी मेज करायचं तर त्यातल्या प्रत्येक लोखंडाला काम असलं पाहिजे.

म्हणून आत्याचा सांगाडा. तो सिंगर मशीनचा. आयझॅक सिंगरनं १८५१ साली अमेरिकेत आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच्या कंपनीनं हप्त्याहप्त्यानं यंत्र विकण्याची पद्धत जगभर नेली. गावोगावच्या बायकांच्या हाती आलेलं पहिलं यंत्र म्हणजे हेच. आत्या लवकर माहेरी परत आली होती आणि तिनं या यंत्रावर पोलकी, परकर आणि शाळेचे गणवेश शिवून स्वतःचं पोट भरलं, दोन भाच्यांची फीही भरली. यंत्राचं डोकं कधीच निकामी होऊन गेलं. राहिला तो बिडाचा सांगाडा. दोन्ही बाजूंना वेलबुट्टीची जाळी, मधोमध ओतीव अक्षरांत कंपनीचं नाव, उजवीकडं पट्ट्याचं मोठं चाक, खाली पायडल. पायडलवरची नक्षी दोन ठिकाणी पुसून गुळगुळीत झाली आहे. आत्याची पावलं तिथं असायची.

नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेला आमच्याकडं वेल्डिंगची दुकानं आहेत. वखर, डवरे, तिफणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असं काम तिथं होतं. सांगाडा घेऊन मी एका तरुण पोराच्या दुकानात गेले. त्यानं तो वाजवून पाहिला. आवाजावरूनच ओळखलं. “ताई, हे बीड हाये. याले वेल्डिंग धरत नाही, तडकते. बोल्टच माराव लागीन.” बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळं ते साच्यात सुंदर ओतलं जातं, वेलबुट्टी नेमकी उठते. पण ते कडक असतं, वाकत नाही, आणि एकाच जागी आच बसली की चिरतं. त्याला जोडायचं तर खास निकेलची कांडी आणि आधी सगळा तुकडा हळूहळू तापवायची तयारी लागते. बोल्ट मारणं हाच शहाणपणा. मग त्यानं फळीकडं पाहिलं, सांगाड्याकडं पाहिलं आणि विचारलं, “लोखंड दाखवाचं हाये का लपवाचं?”

आजवर मी वाचलेल्या सजावटीच्या सगळ्या लेखांपेक्षा हा प्रश्न मोठा होता. दाखवायचं म्हटलं की जोड नीट करावा लागतो. बोल्टाचं डोकं सरळ ओळीत यावं लागतं, वॉशर मापाचं असावं लागतं, वेल्डचा मणी एकसारखा उतरावा लागतो. झाकणार असलो तर वाट्टेल तसं चालतं. वर लांबी भरायची, सनमायका चिकटवायचा, झालं. दाखवायचं असेल तर कारागिराला स्वतःचं काम स्वतःच पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. मी म्हटलं, दाखवायचं. त्यानं मान हलवली आणि तारेचा ब्रश हातात घेतला.

गंज काढायची रीत सांगते, कारण तिथं घाई केली की वस्तू बिघडते. सैल झालेले पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढायचे. पण लोखंडाला घासून चांदीसारखं चकचकीत करू नये. इतकी वर्षं धरलेला तो करडा काळपटपणा त्याचं कवच असतं. खोलवर बसलेल्या गंजावर टॅनिनचा उपाय चालतो. हिरडा किंवा बाभळीची साल उकळून गाळलेलं दाट पाणी लावलं की लाल गंज निळसर काळा पडतो आणि धरून बसतो. बाजारात मिळणाऱ्या गंजरोधक द्रावणांपैकी कितीतरींमध्ये हेच टॅनिक आम्ल असतं. ज्या गुणामुळं बाभळीतला खिळा कुजतो, तोच गुण इथं आपल्या बाजूनं उभा राहतो. वरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. जवस आमच्याकडं चटणीत असतो, शेतात गव्हा-हरभऱ्याशेजारी निळी फुलं घेऊन उभा असतो. त्याचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं, म्हणून लाकूड आणि लोखंड दोन्हींवर ते चालतं. एक सावधगिरी मात्र कधीच विसरू नये. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती अंगणात पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

दाराच्या फळ्यांचं काम सुतारकाकांकडं होतं. दारावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. माझी भाची लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसणार होती, तिला थांबवलं. जुन्या रंगांत शिसं असतं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कसा असेल ते सांगता येत नाही, म्हणून तो विषारीच धरून चालावं. कोरडा घासला की त्याची धूळ नाकातोंडातून शरीरात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा अपाय होतो. रंग ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क असावा, निघालेला कचरा पिशवीत बांधावा, पोरांना त्या जागेपासून लांब ठेवावं. घरी जुनं लाकूड उघडं करायला निघालेल्या प्रत्येकानं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

हिरवा रंग निघाला आणि खालून सागवान आलं. रंध्याचा पहिला हात पडला तेव्हा जो वास सुटला तो मी लहानपणी आमच्याकडच्या वखारीत घेतला होता. थोडा चामड्याचा, थोडा तेलाचा, किंचित कडवट. इतक्या वर्षांचं लाकूड आणि आत अजून तेल ओलं. काकांनी रंधा थांबवला आणि हात फिरवला. दारावर कडीच्या खाली एक अर्धगोल घासलेली खूण होती. कडी पडायची, उघडायची, पुन्हा पडायची. तिनंच ती कोरली होती. शेजारी खिळ्याची भोकं, आणि कोणीतरी कोरलेलं हिशेबाचं काही. काका म्हणाले, “ही खूण काढू का?” नको म्हटलं. ती भोकंही भरू नयेत असं सांगितलं. लाकडावर जे घडलं ते दिसू दे.

याच ठिकाणी बाजारू इंडस्ट्रियलशी माझं भांडण आहे, आणि ते मनापासूनचं आहे. नव्या कोऱ्या फळीला साखळीनं मारून खड्डे पाडायचे, ब्लोटॉर्चनं कडा जाळायच्या, नव्या पाइपवर गंजाचा रंग फवारायचा, असं काम सर्रास चालतं. न झालेल्या श्रमाच्या खुणा विकत घेऊन काय करायचं? आपल्या घरात खऱ्या खुणांची लाकडं पडलेली असताना तर मुळीच नाही.

आता चाकाबद्दल, कारण या सगळ्या विषयात मला सर्वात जास्त जीव लावणारी वस्तू तीच आहे. लाकूड-लोखंडाचा मेळ ही विदेशी चाल आहे असं ज्याला वाटतं, त्यानं बंडीचं चाक जवळून पाहावं. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेल्या पुठ्ठ्या, आणि सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. तुंबा आणि आरे बहुधा बाभळीचे; बाभूळ चिवट, धक्के सोसते. हे सगळे तुकडे खिळ्यांवर फारसे अवलंबून नसतात. त्यांना धरून ठेवते ती धाव, आणि धाव कशी बसते ते पाहणं हा एके काळी गावाचा सोहळा असायचा. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड करायचा. गोवऱ्यांच्या वर्तुळात ती ठेवून पेटवायचे. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं तर साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. साडेचार मीटरच्या घेराची धाव लाल होईस्तोवर तापली की इंचभर सहज वाढते. मग दोघे-तिघे चिमट्यांनी ती उचलून चाकावर टाकायचे, घण मारून बसवायचे, आणि लगेच वरून पाण्याच्या घागरी. धूर, वाफ, लाकूड करपल्याचा वास. धाव आक्रसायची आणि आवाज करत प्रत्येक आरा तुंब्यात आणि प्रत्येक पुठ्ठी पुठ्ठीत आणखी खोल रुतायची. सुतारानं मोजून दिलेलं लाकूड आणि लोहारानं मोजून दिलेलं लोखंड यांत एका बोटाची चूक झाली तरी चाक वाया. दोघांच्या हिशेबावर गावाचा कापूस बाजारात पोचायचा.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आत सरकायचं आणि धाव सैल व्हायची. मग शेतकरी चाकं नाल्याच्या पाण्यात भिजत घालायचे. लाकूड फुगून पुन्हा धावेला टेकायचं. मेज करताना मला हीच गोष्ट उपयोगी पडली. लोखंड उष्णतेनं हलतं, लाकूड ओलाव्यानं हलतं, आणि दोघांची चाल वेगळी असते. उमरखेडचा वैशाख आणि उमरखेडचा श्रावण या दोघांमध्ये रुंद फळी काही मिलिमीटर कमी-जास्त होते. सागवान इतर लाकडांच्या मानानं कमी हलतं, तरी हलतंच. फळी सांगाड्याला गच्च आवळली तर ती एखाद्या उन्हाळ्यात मधोमध तडकते. म्हणून वेल्डरनं फळीखाली लावायच्या अँगलला गोल भोकं पाडली नाहीत, लांबट पाडली. बोल्ट त्यात थोडा सरकू शकतो. ही भोकं मेजाखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, पण सगळं मेज त्यांच्यावर उभं आहे. भाचीनं वाकून पाहिलं आणि तिला ती सर्वात जास्त आवडली.

बंडीची चाकं आता भिंतीला टेकून आहेत त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. रस्ते डांबरी झाले, टायरच्या गाड्या आल्या, पोफाळीच्या कारखान्याकडं ऊस ट्रॅक्टरनं जाऊ लागला. घिसाडी लोक पालं टाकून भाता फुंकायचे, ते आता क्वचित दिसतात. चाकावर काच ठेवून मेज करण्याची रीत हॉटेलांतून आली आहे. मी तिला नावं ठेवणार नाही. माझं चाक मात्र मी तसं केलं नाही. ते भिंतीवर टांगून त्याच्या आऱ्यांना लोखंडी आकड्या लावल्या आहेत आणि त्यावर पिशव्या, छत्र्या, रेनकोट असतात. चाकानं जन्मभर वजन वाहिलं. आताही ते वजनच वाहतं.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. लोखंडी पाय म्हणून जीआय पाइप घेतला तर फ्लँज, एल्बो, टी सगळं नळाच्या दुकानात मिळतं आणि पान्यानं घरीच जोडता येतं, पण त्याला वेल्डिंग करू नये; वर जस्ताचा थर असतो, त्याच्या धुरानं ताप भरतो. एमएस पाइप असेल तर रेडऑक्साईडचा हात आधी द्यावा. जुने रेल्वेचे स्लीपर दिसले की पुष्कळांना मोह होतो. पण जुने लाकडी स्लीपर बहुधा क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. ते घरात, आणि जेवायच्या मेजाला तर कधीच, वापरू नयेत. गोदरेजचं कपाट घरात असेल, आणि मराठी घरात ते बहुतेक असतंच, तर ते भंगारात देऊ नका. या कंपनीनं १९२३ साली पोलादी कपाटं करायला सुरुवात केली, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. आपण ज्याला इंडस्ट्रियल म्हणून बाहेर शोधतो ते आपल्या झोपायच्या खोलीत भिंतीला लागून उभं असतं. त्याचा वरचा रंग ओल्या पद्धतीनं काढून, खालचा पोलादी करडा पत्रा उघडा ठेवून, त्यावर मेणाचा हात फिरवला तर ते कपाट कुठल्याही शहरी दुकानात शोभेल.

मेज तयार झालं तेव्हा भाचीनं पायडलवर पाय ठेवला. पट्टा नाही, यंत्र नाही, तरी पायडल हलतं आणि उजवीकडचं चाक फिरतं. ती गणितं सोडवताना ते फिरवत राहते. पायडलवरच्या त्या दोन गुळगुळीत जागांवर तिची पावलं बरोबर बसतात. आत्याचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं.

उमरखेड, पुसद, महागाव, कुठंही असा. घर उतरवायचं ठरलं असेल तर टेम्पोवाल्याशी सौदा करण्याआधी आपल्या गावातल्या एका सुताराला आणि एका वेल्डरला घरी बोलवा. त्यांना चहा द्या आणि लाकूड दाखवा. त्यांच्या हातांना काय दिसतं ते ऐका, मजुरीत घासाघीस करू नका. सगळं ठेवता येणार नाही, जागा नसते, पैशाची गरज असते, ते मला समजतं. निदान एक दार ठेवा, एखादी तुळई, कोणाच्या तरी मशीनचा सांगाडा. अडीच फूट उंची, एक सागवानी फळी आणि चार बोल्ट एवढ्यात घरातल्या पोरीला अभ्यासाचं मेज होतं.